कार्बोरेटरच्या गाड्यांनी जायचे कुठे?

संपादक महोदय,

कालच्या अंकातला इथेनॉलवरचा लेख वाचला. जुन्या पेट्रोल गाड्यांत 'किरकोळ बदल' केले की ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, बिनघोर चालते, असे लेखकाने एका ओळीत उरकले आहे. तो किरकोळ बदल मी गेल्या महिन्यात करून घेतला, म्हणून लिहितो.

माझी 2004 सालची शंभर सीसीची मोटरसायकल आहे. पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल होते तोवर तिची तक्रार नव्हती. यंदा पावसात ती तीन आठवडे गोठ्याच्या कडेला उभी राहिली आणि नंतर किक मारून मारून माझी पोटरी भरून आली. मेस्त्रीने कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, खोलून त्याच्या वाटीतले (बाऊलमधले) पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतले, तर तळाला पाण्यासारखा वेगळा थर! इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि पाणी वाढले की त्याच्यासकट खाली बसते. पेट्रोलची नळी दाबली तर मऊ, चिकट. वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या निडलचे रबरी टोक दाखवत मेस्त्री म्हणाला, "काका, फुगलंय बघा. आता हे बसायचं न्हाई." प्लग चुन्यासारखा पांढरा पडला होता.

त्याचे कारणही त्यानेच सांगितले. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. नव्या गाडीत सेन्सर ते बघून घेतो. कार्बोरेटरचा जेट म्हणजे पेट्रोल जायचे पितळेतले एक भोक, ते आपणहून मोठे होत नाही. गाडी लीन, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी अशी, चालते आणि तापते. मग मोठा जेट हवा. तो तालुक्यात मिळाला नाही, सांगलीहून आणला. टाकी साफ, नळी, निडल, जेट आणि मजुरी मिळून साडेअकराशे रुपये गेले, चार दिवस मोडले आणि साठ देणारी गाडी आता चोपन्न देते.

लेखात ब्राझीलचा दाखला आहे. तिथे 1975 साली इथेनॉलचा कार्यक्रम सुरू झाला आणि 1979 मध्ये इथेनॉलवर चालणारी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. पंपावर निव्वळ इथेनॉल आजही वेगळे मिळते. आपल्याकडे ई-20 ला टिकणारे सुटे भाग नव्या गाड्यांत आले एप्रिल 2023 पासून, त्याआधीच्या आम्हा गाडीवाल्यांना निवडच ठेवलेली नाही. माझ्या नेहमीच्या पंपावर किती टक्के मिसळले आहे याची साधी पाटीसुद्धा नाही. निदान तालुक्याला एका पंपावर 10 टक्क्यांचे पेट्रोल ठेवा, एवढेच मागणे आहे.

मी इथेनॉलचा वैरी नाही. माझाच दीड एकर ऊस कारखान्याला जातो आणि इथेनॉलने कारखान्याच्या हातात पैसा लवकर येतो, हे मला कळते. पण तो पुढे आमच्यापर्यंत यावा. ऊस कारखान्याला दिल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, देण्याचा कायदा आहे. गेल्या हंगामात माझे बिल तिसऱ्या महिन्यात जमा झाले. यावरही एखादा लेख येऊ द्या.

आणि कालच्या लेखकांना विनंती, कोणत्या गाडीला कोणता जेट, कोणती नळी आणि किंमत काय, याची यादी पुढच्या रविवारी छापावी. आमच्या मेस्त्रीकडे अशा आणखी सात गाड्या उभ्या आहेत.

आपला,
एक ऊस उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली