शिंगाड्यांची नदी

बॉस्टन,
श्रावणातला रविवार

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

काल मी एकटाच होडी घेऊन नदीवर गेलो होतो. हे आधी कळवले असते तर आईच्या डोळ्याला डोळा लागला नसता, म्हणून सुखरूप परत आल्यावरच लिहीत आहे. आपल्या घरी नदी म्हटली की मिठी आठवते आणि मिठी म्हटली की २६ जुलै २००५, ज्या रात्री बाबा कुर्ल्याहून छातीएवढ्या पाण्यातून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माहीमला घरी पोहोचले. आईची भीती मला पुरती समजते.

या नदीचे नाव सडबरी. बॉस्टनहून उपनगरी गाडीने कॉन्कर्ड गावी उतरले की चालत नदीवर जाता येते (शनिवारी सकाळी गाडीत खिडकीची जागा मिळाली, हे बाबांना खरे वाटणार नाही). गावाजवळ एका खडकापाशी सडबरी आणि अ‍ॅसाबेट यांचा संगम होतो आणि पुढे तिला कॉन्कर्ड म्हणतात. इथल्या मूळ रहिवाशांचे नाव मात्र मस्केटाक्विड, म्हणजे गवताळ काठांची नदी. पाणी इतके संथ की वाहते आहे की नाही हे पाहण्यासाठी मी एक झुकलेली फांदी धरून थांबलो आणि मेपलचे पान सोडले. वीस आकडे मोजेपर्यंत ते जेमतेम हातभर सरकले.

माझी होडी म्हणजे कयाक, पाय पुढे पसरून बसायची, एका माणसापुरती. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. पहिला अर्धा तास मी नुसत्या दंडांनी वल्हवले आणि खांदे भरून आले. मग ध्यानात आले की कमरेतून वळायचे असते, हात फक्त वल्हे धरण्यापुरते. लाइफ जॅकेट अंगावरून क्षणभरही काढले नाही, हे आईसाठी मुद्दाम लिहितो. ओंडक्यांवर कासवे ओळीने उन्हात बसली होती आणि मी जवळ जाताच एकामागून एक पाण्यात पडत होती. एक मोठा राखी बगळा मात्र जागचा हलला नाही.

येताना दमलेले असू, तेव्हा प्रवाहाची मदत मिळावी, म्हणून आधी प्रवाहाविरुद्ध जायचे ठरवले होते. हिशेब चुकला, कारण अशा नदीत प्रवाहापेक्षा वाराच जास्त बोलतो. फेअरहेवन बे येथे पात्र तळ्यासारखे पसरते. परतताना तिथे आडवा वारा सुटला आणि होडीचे नाक सारखे वाऱ्याकडे वळू लागले. तासभर एकाच बाजूने वल्हवावे लागले. अंगठ्याच्या बेचक्यात दोन फोड आले आहेत, दुसरे काही झालेले नाही.

वाऱ्याने मला काठाच्या वेलींत ढकलले, तेव्हा वल्ह्याबरोबर शंकरपाळ्याच्या आकाराच्या पानांचा झुबका वर आला. उलटून पाहतो तो खाली शिंगाडा! आपल्या शिंगाड्याला दोन शिंगे, याला चार, आणि टोके अशी की बोटातून रक्त आले. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेली ही वनस्पती इथे तण ठरली आहे. तिच्या दाट पानांखाली ऊन पोहोचत नाही. चिखलात पडलेले बी बारा वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते, म्हणून फळे गळण्याआधी, दर उन्हाळ्यात, लोक होड्यांतून जाऊन वेल हातांनी उपटतात. जे आईच्या उपासाला चालते, ते इथे ढिगाने फेकले जाते, हे पाहून मला हसावे की हळहळावे कळेना. पुन्हा रुजू नये म्हणून वल्ह्याला चिकटलेली पाने तिथेच काढून काठावर टाकली. एकही शिंगाडा घरी आणला नाही.

तेव्हा आई, पुढच्या महिन्यात आत्या येणार आहे, तिच्याबरोबर दादरहून शिंगाड्याचे पीठ अर्धा किलो पाठव. बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये.

आपला आज्ञाधारक,
धाकटा