शाळिग्राम आणि चाळणी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, समुद्रातलं एवढं सगळं मेल्यावर तो परत भरायला किती वर्षं लागली? एक आकडा सांगता येत नाही. काय मोजता त्यावर आहे.

आपल्या देवघरातला शाळिग्रामच घ्या. गंडकीतला तो दगड म्हणजे अमोनाइट, ऑक्टोपस-माकुळाच्या गोतावळ्यातला शंखधारी प्राणी. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी सैबेरियात लाव्हा वाहिला, समुद्र तापला, पाण्यातला ऑक्सिजन घटला आणि समुद्रातल्या दहापैकी आठ-नऊ जाती संपल्या. अमोनाइटांची मोजकीच कुळं तगली. पण त्यांच्यापासून दहा-वीस लाख वर्षांत पूर्वीपेक्षाही जास्त प्रकार झाले. प्रवाळांचं उलट. जुने सगळे गेले आणि आजच्या घराण्यातले प्रवाळ दगडात दिसतात ते ऐंशी लाख ते एक कोटी वर्षांनी. मधल्या काळात तळावर बरेच ठिकाणी सूक्ष्मजीवांचे थर आणि क्लाराया नावाचे पातळ शिंपले, तेच ते, ढिगांनी. उशीर झाला कारण गरमी एकदा येऊन गेली नाही, पुनःपुन्हा उसळली. विषुववृत्ताजवळ पृष्ठभागाचं पाणी ४० अंशांच्या आसपास पोचलं होतं. इंदूरला मे महिन्यात हवा तेवढी तापते तर जीव नको होतो, इथे पाणीच तसं.

असाच आणखी एक मोठा घात ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. मेक्सिकोत उल्का पडली, आणि त्याच सुमारास आपल्या माळव्याखालचा काळा दगड लाव्हा होऊन वाहत होता. शाळिग्रामाचं घराणं यात बुडालं. ही कहाणी फोरॅमिनिफेरा सांगतात, वाळूच्या कणाएवढ्या कवचाचे एकपेशीय समुद्री जीव. आई, हे काम तुला आवडेल, सगळं चाळणीचं आहे. मऊ गाळाचा दगड वाटाण्याएवढा फोडायचा, वाळवायचा, पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रात्रभर भिजवायचा. मग ०.०६३ मिलिमीटरच्या चाळणीवर हलक्या धारेखाली धुवायचा, मंद आचेवर वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकानं साधारण ३०० कवचं वेचायची.

चुकतं ते चाळणीत. दगडाच्या थरांतल्या घाताच्या रेषेखाली, म्हणजे घाताआधीच्या थरांत, मोठी, नक्षीदार कवचं सापडतात. रेषेच्या वर गेम्बेलिट्रिया: तीन-तीन गोळ्या एकावर एक रचल्यासारखं चिमुकलं कवच, बहुतेक ०.१ मिलिमीटरहून लहान. ०.१५ ची चाळणी घेतली की हे सगळं मोरीत जातं, आणि घातातून कुणी तगलंच नव्हतं असा निष्कर्ष निघतो! दुसरी चूक, मागच्या नमुन्याचे कण जाळीत अडकतात. म्हणून दर वेळी चाळणी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगात बुडवायची. निळं दिसलं की ते कवच मागच्या घरचं. तिसरी, जुन्या थरातली कवचं वाहून वरच्या थरात बसतात. झिजलेलं, वेगळ्या रंगाचं कवच मोजायचंच नाही.

छिंदवाड्याजवळ झिलमिलीला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात घातानंतरच्या काळातले असे फोरॅमिनिफेरा मिळालेत. म्हणजे समुद्राचा एखादा फाटा मध्य प्रदेशात एवढ्या आत आला होता. उल्केच्या खड्ड्यावरच्या पाण्यात तर सुमारे ३० हजार वर्षांतच जीवसृष्टी जोमात होती. सूक्ष्म तरंगत्या जीवांची विविधता पूर्ववत व्हायला मात्र जगभर कोटभर वर्षं गेली. मला विचाराल तर गर्दीला भरभराट समजणं हीच या विषयातली सर्वांत मोठी फसगत.

धारकडे बाघला गेलात तर तिथला चुनखडीचा दगड बघा. तो घाताच्या आधीचा, सुमारे नऊ कोटी वर्षांचा. सकाळच्या तिरप्या उन्हात जा आणि दगडावर थोडं पाणी शिंपडा, आकार उठून दिसतात. समुद्री साळू, कालवं, कुठे अमोनाइटही. फोटो काढताना शेजारी नाणं ठेवा, माप कळतं. दगड उचलून आणू नका. साळू आणि कालवांचे वंशज आजही समुद्रात आहेत. अमोनाइटांचे नाहीत.

तुमची,
लेक