आमच्या घरची गोळी परत सुरू करून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘ॲब्लेशन करा, गोळ्यांना रामराम ठोका’ असा लेख आपण छापलात. ॲब्लेशन म्हणजे हृदयाचे ठोके बिघडवणाऱ्या वाटा जाळणे. लेखक डॉक्टर आहेत, त्यांच्याबद्दल आदर आहे. मथळा देणाऱ्याला मात्र चार दिवस आमच्या घरी राहायला पाठवा.

सोमवारी चहानंतर मी यांच्यापुढे गोळ्यांची डबी ठेवली. यांनी ती आपल्या पेपरानेच बाजूला सारली. “हे वाच.” झाले! अमिओडॅरोन, म्हणजे ठोके आवरणारी गोळी, बंद. त्या गोळीवर माझेही प्रेम नाही. थायरॉइड बिघडवते, दर सहा महिन्यांनी रक्त द्यावे लागते. पण ती बंद करायची तर डॉक्टर सांगतील की पुरवणी?

यांना ॲटॅक येऊन सहा वर्षे झाली. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण राहतो आणि त्यातल्या वाटांनी वीज गोल फिरून ठोके सुसाट सुटतात, हे आता मलाही पाठ आहे. म्हणून छातीत मशीन, ठोके सुटले की शॉक देऊन ताळ्यावर आणणारे. पहिला शॉक मंडईत दोडके निवडताना बसला. पिशवी हातातून उडाली आणि भाजीवाली म्हणाली, “काका, करंट लागला का?” पुढे एका आठवड्यात तीन शॉक बसले, तेव्हा जांघेतून नळी घालून त्या वाटा जाळल्या. दीड वर्षात एकही शॉक नाही. उपयोग झालाच, नाही कोण म्हणते? पण मशीन आहे तिथेच आहे, आणि गोळीही, निम्म्या मात्रेत.

लेखात गोळ्या आणि ॲब्लेशन यांची तुलना करणाऱ्या २०२४च्या ‘व्हॅनिश-२’ या अभ्यासाचा दाखला आहे, तो मुलाकडून मागवून वाचला. रुग्ण ४१६. मृत्यू, मशीनचा शॉक, ठोक्यांचे वादळ (एका दिवसात पुन्हा पुन्हा सुसाट सुटणे) वगैरे सगळे धरून गोळ्यांच्या गटात ६०.६ टक्के, ॲब्लेशनच्या गटात ५०.७. म्हणजे फरक आहे, पण निम्म्यांना काही ना काही झालेच की! नुसत्या मृत्यूंत तर ठळक फरक दिसला नाही. आणि मशीन सगळ्यांनाच बसवलेले होते. हे मथळ्यात मावत नसेल तर निदान चौकटीत टाकायचे.

आता खुलासा छापा, तोही पहिल्या पानावर. आतल्या पानावरचे हे मानत नाहीत.

जाता जाता, गुरुवारच्या शब्दकोड्यात आडवा १४ आणि उभा ९ जुळत नाहीत. त्यावरूनही हे दोन दिवस धुसफुसत आहेत.

आपली,
एक वाचक, शनिवार पेठ, पुणे