माईंच्या गाण्याबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. किशोरीताई आमोणकरांचा भूप राग ऐकून तुझी झोप उडाली आणि तू विचारलंस, "हे सगळं येतं कुठून?" फोनवर दोन वाक्यांत सांगून माझंच समाधान झालं नसतं, म्हणून कागद घेऊन बसलोय. माझ्या मते त्यातलं निम्म्याहून अधिक त्यांच्या आईकडून येतं. मोगूबाई कुर्डीकर, म्हणजे माई. त्यांना नुसतं 'किशोरीताईंच्या आई' म्हणून ओळखलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माईंचा जन्म १५ जुलै १९०४ चा, गोव्यात सांगे तालुक्यातल्या कुर्डी गावातला. मुलीनं मोठी गायिका व्हावं हा आईचा, जयश्रीबाईंचा, ध्यास. त्यांनी तिला नाटक मंडळीत घातलं आणि १९१४ साली त्या वारल्याच. मागं राहिलेल्या पोरीनं पुढं सातारकर स्त्री संगीत मंडळीत कामं केली, मग तेही सुटलं, तब्येत ढासळली, ती सांगलीला आली. तिथं एकदा ती मेहनत करत असताना रस्त्यानं जाणारे एक वयस्क गृहस्थ आवाज ऐकून थांबले. घरात आले, बसले आणि शिकवूही लागले. ते अल्लादिया खाँ आहेत, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक, हे तिला नंतर कळलं!

खरी परीक्षा त्यानंतरची. खाँसाहेब मुंबईला गेले, पाठोपाठ माईही गेल्या, पण तिथं त्यांना थेट शिकवणं खाँसाहेबांना जमेना. मग आग्रा घराण्याचे बशीर खाँ, विलायत हुसेन खाँ, पुढं खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ, अशी तालीम तुकड्यातुकड्यानं झाली. अखेर १९३४ साली अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा, म्हणजे रीतसर शिष्यत्वाचा धागा, बांधला गेला आणि १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत ही तालीम मिळाली. मधेच १९३९ साली पती माधवदास भाटिया वारले. पदरात तीन लहान मुलं, मिळकत म्हणजे गाणं आणि शिकवण्या. अशा वेळी कुणीही गाणं थोडं सोपं केलं असतं, लोकांना रुचेल असं केलं असतं. माईंनी नाही केलं. मला त्यांचं सगळ्यात जास्त काही भावत असेल तर हेच.

आता ऐकायचं कसं ते सांगतो. त्यांच्या तीनतालातल्या एखाद्या ख्यालाचं ध्वनिमुद्रण लाव, रागाचं नाव विसर आणि हातानं ठेका धर. तीनतालाच्या सोळा मात्रा मोजत राहा, सोळा झाल्या की एक आवर्तन. आवाजात नखरा नाही, हरकतींची उधळण नाही, 'आ'काराचा स्वच्छ लगाव. आधी वाटेल, यात एवढं काय आहे? मग लक्षात येईल की प्रत्येक स्वरवाक्य मात्रेच्या बरोबर डोक्यावर न पडता तिच्या पाव-अर्ध्या हिश्शावर उठतंय आणि तरी लय तसूभर हलत नाही. तान कुठं संपली आणि मुखडा, म्हणजे बंदिशीची पहिली ओळ, कुठं सुरू झाला, यातला सांधा सापडतच नाही. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्यासाठी धावपळ नाही, वाट पाहत थांबणंही नाही. चारपाच आवर्तनं अशी मोजलीस की तूच मला फोन करशील. अप्रचलित राग आणि दोन राग जोडून झालेले जोडराग या घराण्यात भरपूर आहेत, त्यावर लोक खूप बोलतात. मला विचारशील तर आधी लय.

हेच किशोरीताईंना मिळालं. शिवाय माईंनी मुलीला आपल्यापुरतं ठेवलं नाही. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकायला पाठवलं. स्वतः घराण्याच्या शिस्तीत इतक्या कडक असूनही! किशोरीताई पुढं भावनेच्या वाटेनं गेल्या, रागाला स्वतंत्र जग मानू लागल्या, त्यामुळं पुष्कळ जण नाराज झाले. पण मन मानेल तिथं जाऊनही त्यांची सम चुकत नाही, ती माईंची तालीम. आणखी एक गोष्ट आईमुळंच आली. माईंबरोबर दौऱ्यावर जाताना तिसऱ्या वर्गाचा प्रवास, कुणाच्या तरी घरी उतरणं, तुटपुंजी बिदागी हे सगळं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. कलावंताचा मान राखलाच पाहिजे, हा त्यांचा पुढचा हट्ट लोकांना ताठा वाटला. मला तो आईच्या वतीनं मागितलेला न्याय वाटतो.

माईंना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. कमल तांबे, बबनराव हळदणकर, पद्मा तळवलकर, अरुण द्रविड ही शिष्यमंडळी तुला ठाऊक असतील. नसतील तर त्यांनाही ऐक. १० फेब्रुवारी २००१ ला माई गेल्या.

त्यांचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलंय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांचे चौथरे उघडे पडतात, मे महिन्यात जुने गावकरी तिथल्या सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. यंदा सुट्टी मिळत असेल तर आपण दोघं जाऊन येऊ. तारखा कळव, म्हणजे मडगावची तिकिटं काढतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच