परीक्षा विभागातल्या काकांना, जर्मनीहून

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

जर्मनीला एमएसला जायचं म्हटलं की लोक आयईएलटीएसची इंग्रजी परीक्षा, व्हिसा आणि ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) यांबद्दल विचारतात. तुमच्या खिडकीचं नाव कुणी घेत नाही. खरं तर अर्ज अडतो तो बहुतेक वेळा मार्कशीटवरच्या एखाद्या ओळीवर, नाहीतर नसलेल्या शिक्क्यावर. त्या ओळी तुम्ही वेळेत नीट करून दिल्यात. म्हणून हे आभाराचं पत्र आम्ही सगळे मिळून लिहितोय, आणि पुढच्या बॅचच्या मुलांनाही वाचता यावं म्हणून उघडंच ठेवतोय.

पहिले आभार त्या एका पानी दाखल्याचे. ‘या विद्यापीठात कमाल श्रेणीगुण १०, उत्तीर्ण होण्यासाठी किमान ४’ एवढाच त्यातला मजकूर. मागणाऱ्यालाही तो क्षुल्लक वाटतो. पण जर्मनीत १.० सर्वांत चांगला आणि ४.० म्हणजे काठावर पास, असा उलटा हिशेब असतो. आपले गुण त्यात बसवायला सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान यांच्यातल्या फरकाने भागायचं, ३ ने गुणायचं आणि १ मिळवायचा. आता ७ सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरचे सरासरी श्रेणीगुण, घ्या. किमान ४ धरले तर उत्तर येतं २.५. तेच किमान ५ धरले तर २.८. बऱ्याच अभ्यासक्रमांची अट २.५ ची असते. म्हणजे तोच विद्यार्थी, तीच मार्कशीट, आणि एका आकड्यामुळे एकदा आत, एकदा बाहेर. दाखला नसेल तर तपासणाऱ्याला स्वतःच काहीतरी धरावं लागतं, आणि ते आपल्या बाजूचं असेलच असं नाही.

तुम्ही दर वेळी बजावता, की टक्केवारीत बदलून देणार नाही, श्रेणी जशी छापली तशीच लिहिणार. ते ऐकून मुलं नाराज होतात. पण तुमचंच बरोबर आहे. टक्केवारीचा दाखला वेगळा आणि मार्कशीट वेगळी बोलायला लागली की तपासणारा दोन्हींकडे संशयाने बघतो.

दुसरे आभार अभ्यासक्रमाच्या गठ्ठ्याचे. मार्कशीटवर ‘इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स ३’ असं लिहिलेलं असतं. त्यात लाप्लास ट्रान्सफॉर्म आहे की प्रॉबॅबिलिटी, हे जर्मन प्राध्यापकाला कसं कळणार? तिकडे प्रवेश समिती विषयवार क्रेडिट मोजते: गणिताचे इतके, प्रोग्रॅमिंगचे इतके. त्यांचं एक ईसीटीएस, म्हणजे युरोपीय पद्धतीचं, क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात घरचा अभ्यासही आला. आपलं क्रेडिट वर्गातल्या तासांवर चालतं, त्यामुळे आकड्याला आकडा जुळत नाही आणि प्रत्येक विषयाचा मजकूर, तास आणि पुस्तकं दाखवावी लागतात. इथे घात होतो तो पॅटर्नमुळे, म्हणजे अभ्यासक्रम कुठल्या वर्षी बदलला त्यामुळे. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत २०१५ पॅटर्न आणि २०१९ पॅटर्न यांत विषयांची नावं सारखी, आतली युनिटं वेगळी. इंटरनेटवरून पहिली दिसली ती पीडीएफ उचलली की मार्कशीटवरचे विषय कोड जुळत नाहीत. तुम्ही आधी मार्कशीट मागता, कोड बघता, मग त्या वर्षाची प्रत काढून पानापानावर शिक्का मारता. ते शंभर-सव्वाशे शिक्के मारताना हात दुखत असणार, हे आम्हाला कळत होतं.

आणि नाव! यावर तर वेगळं पत्र लिहावं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं, कधी शेवटी आईचंही. समजा, पाटील संदीप रमेश सुनंदा. पासपोर्टवर सरनेमच्या रकान्यात पाटील आणि गिव्हन नेममध्ये संदीप रमेश. बारावीच्या मार्कशीटवर संदीपचं स्पेलिंग दोन ‘ई’चं, पदवीच्या एक ‘आय’चं. आपल्याकडे हे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. तिकडे सुनंदा हे आडनाव समजतात, कारण ते सगळ्यांत शेवटी आहे. पासपोर्टवर सरनेमचा रकाना रिकामा असेल तर कुठला शब्द कुठे लिहायचा इथूनच गोंधळ. म्हणून तुम्ही सांगता तोच नियम खरा: अर्ज भरायच्या आधी पासपोर्ट उघडा, आणि प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंट, विमा, विमानाचं तिकीट, सगळीकडे अक्षर न अक्षर तेच लिहा. मार्कशीट वेगळी असेल तर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ हा तुमचा दाखला आणि सोबत प्रतिज्ञापत्र. लग्नानंतर पासपोर्ट बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा. स्पेलिंगची चूक विद्यापीठाचीच असेल तर मात्र दाखल्यावर भागवू नये, मार्कशीट दुरुस्तच करून घ्यावी. वेळ जातो, पण एकदाच जातो.

वेळेचं गणितही तुम्हीच शिकवलंत. जर्मनीत हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि अर्जाची शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी १५ जुलै, काही विद्यापीठांत मे अखेर. आपला शेवटच्या वर्षाचा निकाल त्याच सुमारास लटकलेला. त्यात नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना एपीएसचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे आपल्या मार्कशीट खऱ्या आहेत अशी पडताळणी. फी १८,००० रुपये. व्हिसाला ते लागतंच, पण अनेक ठिकाणी अर्जासोबतच मागतात. म्हणून उलटं मोजायचं: अर्ज मे-जूनमध्ये करायचा तर एपीएसचे कागद आदल्या हिवाळ्यातच जायला हवेत, आणि त्यासाठी ट्रान्सक्रिप्टचा (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या एकत्रित उताऱ्याचा) अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी तुमच्या खिडकीवर पडायला हवा. युनि-असिस्ट या अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज असेल तर पहिल्या विद्यापीठाला ७५ युरो आणि त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला ३०. अपुऱ्या कागदांचा अर्ज गेला तर हे पैसे परत येत नाहीत.

लॅमिनेशनबद्दल तुम्ही ओरडता ते योग्यच. घरोघरी आईवडील मार्कशीट प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवतात. मग तिच्या पाठीवर शिक्का मारायचा कुठे? केटी लागलेल्या, म्हणजे एखादा विषय राहिलेल्या, सेमिस्टरच्या जुन्या मार्कशीटही फेकू नयेत. लाज वाटायचं कारण नाही, सगळा क्रम एकत्र दिसला की प्रश्न कमी येतात.

पुढचं सगळं तुमच्या खिडकीपलीकडचं, म्हणून थोडक्यात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्या वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, महिन्याला ९९२ सुटतात. व्हिसाची फी ७५ युरो. सरकारी विद्यापीठात शिकवणी फी नसते हे अर्धसत्य आहे: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात २०२४ च्या हिवाळी सत्रापासून एमएसच्या अशाच नव्या विद्यार्थ्यांना सत्राला बहुतेक ४,००० ते ६,०००. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण त्या कमाईवर पहिल्या वर्षाचा हिशेब मांडू नये.

घर मिळालं की दोन आठवड्यांत महापालिकेत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. मग करक्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, सगळं टपालाने येतं. आणि पोस्टमन खोली क्रमांक बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो. पेटीवर आडनाव नसेल किंवा पत्रावर भलतंच असेल तर पाकीट परत जातं. तेव्हा कळतं, की ‘पासपोर्टवर आहे तेच लिही बाळा’ असं तुम्ही का म्हणायचात.

सोबत किमान गुणांच्या दाखल्याचा नमुना जोडतोय, इंग्रजीत. विद्यापीठाचं पूर्ण नाव, पदवी, कमाल गुण, किमान गुण एवढ्याच ओळी आहेत. पॅटर्नचं वर्ष भरायला जागा मोकळी ठेवली आहे. खाली सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा टाइप केलेला असावा, कारण नुसती सही तिकडे वाचता येत नाही. शिक्का सहीवर अर्धा यावा. खिडकीवर नवीन येणाऱ्या माणसाला एवढं सांगून ठेवा.

तुमचेच,
जर्मनीतले तुमचे माजी विद्यार्थी