न्यू जर्सीहून आजीला

मॉन्टगोमरी टाउनशिप, न्यू जर्सी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

वाटणी होऊनही विहिरीकडच्या रानाचा सातबारा तुझ्याच नावावर राहिला, हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यावरूनच तुला इथली एक जुनी हकिगत सांगायची आहे.

इंग्रजांचा अंमल झुगारताना, २ जुलै १७७६ ला, न्यू जर्सीने आपली घटना केली. काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, वर्षभर राहिलेल्या आणि पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या प्रत्येक सज्ञान रहिवाशाला तिने मताचा हक्क दिला. ‘पुरुष’ असा शब्दच घातला नाही. १७९० च्या कायद्यात काही काउंट्यांपुरतं मतदाराला ‘तो किंवा ती’ म्हटलं, १७९७ मध्ये ते राज्यभर झालं.

पण लग्न झालेल्या बाईचं जे काही असेल ते कायद्याने नवऱ्याचं. त्यामुळे मत मिळे ते विधवांना आणि बिनलग्नाच्या बायकांना. म्हणजे तेव्हा आईला मत नसतं आजी, तुला असतं! आबा गेल्यावर हळदीकुंकवाच्या दिवशी तू स्वयंपाकघरात एकटी बसायचीस, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. इथे तशीच एखादी बाई दर ऑक्टोबरात जाऊन विधिमंडळावर माणूस निवडून देत होती. गव्हर्नरही तेच विधिमंडळ निवडायचं, म्हणजे तिच्या मताला वजन होतं.

आमच्याच टाउनशिपची १८०१ ची मतदानाची यादी ट्रेंटनच्या सरकारी दप्तरखान्यात आहे. फिलाडेल्फियाच्या अमेरिकन क्रांती संग्रहालयाने ती लोकांपुढे आणली. मी तिचे फोटो मोठे करकरून पाहिले. रॉकी हिल गावच्या मुसाफिरखान्यात मतदान झालं. जो येईल त्याचं नाव कारकुनाने शाईने एकाखाली एक उतरवलंय. ३४३ नावं, त्यांत निदान ४६ बायकांची. त्यांचा वेगळा रकाना नाही, मागेपुढे पुरुष आणि मध्येच बाईचं नाव. मी बोट ठेवून एकेक वाचलं आणि डोळे भरून आले.

मग १८०७ च्या फेब्रुवारीत एसेक्स काउंटीचं कोर्ट नेवार्कला बांधायचं की एलिझाबेथटाउनला, यावर मतं घेतली. दोन्ही गावांनी ताळ सोडला. एकेकाने चार-चारदा मतं टाकली, पुरुष बायकांचे कपडे घालून आले असंही लोक सांगत. शेवटी ते मतदानच रद्द झालं. आणि नोव्हेंबरात विधिमंडळाने कायदा केला, की यापुढे मत फक्त स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, गोऱ्या पुरुष नागरिकांना. लबाडी केली गावाने, मत गेलं बायकांचं आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांचं! घटनेला हातही लावला नाही, साध्या कायद्याने काम भागवलं. ते मत परत मिळायला बायकांना १९२० साल उजाडावं लागलं. किती जणी वाट बघत गेल्या असतील, या विचाराने मला अजून संताप येतो.

आपल्याकडेही पहिल्या निवडणुकीच्या याद्यांतून सुमारे २८ लाख बायका गळल्या होत्या, कारण त्यांची नावं ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशीच नोंदवली होती. म्हणून विचारते, तू पहिलं मत टाकलंस तेव्हा यादीत तुझं नाव कसं लिहिलं होतं? आठवत असेल तर दादाकडून सविस्तर लिहून घे आणि पाठव.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी नात,
सुमी