गुडघ्याच्या इंजेक्शनबद्दल आधी नीट सांगा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, हल्ली जिथं जाईल तिथं एकच विषय, गुडघ्यातलं पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) इंजेक्शन. बायका दिवसभर मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, चाळिशी ओलांडली की गुडघे बोलायला लागतात आणि मग कुणीतरी सांगतं की आपल्याच रक्तातून औषध काढून गुडघ्यात सोडतात, ऑपरेशन नको, गादी (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं मऊ अस्तर) परत येते. माझ्या आत्यालाही एका दवाखान्यात असंच सांगितलं, तीन इंजेक्शनं घ्या म्हणून, खर्च हजारोंच्या घरात, आणि हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या बाईला तो कसा परवडणार हे कुणी विचारलंच नाही.

इंजेक्शन खोटं आहे असं मी म्हणत नाही. हाताच्या शिरेतून रक्त काढतात, मशीनमध्ये गरगर फिरवतात, तांबड्या पेशी खाली बसतात आणि प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) जास्त असलेला पिवळसर भाग वेगळा काढून सांध्यात देतात. प्लेटलेटमध्ये जखम भरायला मदत करणारे घटक असतात, म्हणून ही कल्पना आली. टेनिस एल्बोसारख्या कोपराच्या दुखण्यात काहींना आराम पडतो, गुडघ्यातही काही डॉक्टरांचा अनुभव चांगला आहे. पण रक्त ज्याचं त्याचं वेगळं, मशीन वेगळं, काढायची पद्धत वेगळी, त्यामुळे एका दवाखान्यातलं पीआरपी आणि दुसऱ्यातलं पीआरपी एकसारखं असेलच असं नाही, आणि ही गोष्ट पेशंटला कुणी सांगत नाही.

ऑस्ट्रेलियात सिडनी आणि मेलबर्नला गुडघेदुखीच्या २८८ लोकांवर याची चाचणी झाली, २०२१ साली ती जामा या अमेरिकन डॉक्टरी नियतकालिकात छापून आली. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, आणि कुणाला काय दिलंय ते पेशंटला माहीत नाही. वर्षभरानं बघितलं तर दुखणं दोन्हीकडे थोडंफार सारखंच कमी झालेलं, आणि गादीच्या झिजेतही फरक नाही. मग "गादी परत येते" हे कशाच्या जोरावर सांगतात?

कबड्डी खेळणाऱ्या पोरांचं तर अजून वेगळं. खेळताना गुडघ्यातलं लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा) पूर्ण तुटलं असेल तर ते इंजेक्शननं जोडलं जात नाही, त्याला हाडाच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून निर्णय घ्यावा लागतो, आणि इंजेक्शनच्या नादात महिने गेले आणि पोरगं त्याच पायावर खेळत राहिलं तर गुडघ्यातली दुसरी गादी, म्हणजे दोन हाडांमधली चकती (मेनिस्कस), फाटायची भीती असते, हे प्रत्येक कोचनं आणि आईबापानं लक्षात ठेवायला पाहिजे.

मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन कमी करणं, खाली बसण्याऐवजी उंच बैठक, हे आधी सांगायचं असतं. आत्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं, डायरेक्ट इंजेक्शनचीच तारीख दिली. विडी कंपन्यांनी बायकांना बसायला उंच पाट किंवा स्टूल दिले तरी खूप गुडघे वाचतील असं मला मनापासून वाटतं.

शहरातल्या डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती आहे, इंजेक्शन द्यायच्या आधी झीज किती आहे, फायदा कितपत होईल, खर्च किती आणि दुसरा उपाय काय, हे मराठीत लिहून द्या, आणि आमच्याकडे तेलुगू, कन्नड बोलणारेही खूप आहेत, त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा. आणि साहेब, "विना ऑपरेशन गुडघा नवा" अशी जाहिरात तुमच्याकडे आली तर छापायच्या आधी त्यांच्याकडे पुरावा मागा.

आपला,
एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर